नेमोला साताऱ्याचा पत्ता द्या

मराठी मुलांच्या दोन-तीन पिढ्या कॅप्टन नेमोला ओळखतात त्या भा. रा. भागवतांच्या ‘समुद्रसैतान’मुळे. पण हा नेमो कोण, कुठला? त्याचा उलगडा मूळ लेखक ज्यूल व्हर्नने पुढे ‘द मिस्टीरियस आयलंड’मध्ये केला. तो बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, १८५७च्या उठावात इंग्रजांशी लढून सर्वस्व गमावलेला. म्हणजे विज्ञानकथेतला सर्वांत गाजलेला बंडखोर आपल्याच देशातला! कुमारांसाठीच्या मराठी रूपांतरांबद्दल माझी तक्रार इथूनच सुरू होते. नेमोची पाणबुडी आपण उचलली, सत्तावन्न तिथेच राहिलं.

इंग्रजीत विज्ञान आणि गतकाळ या दोहोंची सांगड घालणारी कुमारांची पुस्तकं निघतात. डायना पीटरफ्रॉइंडने २०१२मध्ये जेन ऑस्टिनची ‘पर्स्वेजन’ भविष्यातल्या उद्ध्वस्त जगात नेऊन ठेवली, आणि पुढच्याच वर्षी फ्रेंच राज्यक्रांतीतला ‘स्कार्लेट पिम्परनेल’ही त्याच वाटेने धाडला.

आपल्याकडे असं धाडस नव्हतं असं मुळीच नाही. कऱ्हाडजवळच्या टेंभूत जन्मलेल्या आगरकरांनी हॅम्लेटचं ‘विकारविलसित’ केलं ते १८८३ साली. सांगलीलगतच्या हरिपूरचे देवल ऑथेल्लोला ‘झुंझारराव’ करून मोकळे झाले. टेंभूचेच कृष्णाजी नारायण आठल्ये कोचीनहून ‘केरळकोकिळ’ चालवत, आणि व्हर्नची ‘चंद्रलोकची सफर’ विसाव्या शतकाच्या तोंडावर मराठीत आली ती याच मासिकातून. भागवतांनी ही वाट मुलांसाठी रुंद केली. ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ ही नावं वाचली तरी त्यांचा कान कळतो.

इतिहास आणि विज्ञान एकाच गोष्टीत खरोखर एकजीव केले ते जयंत नारळीकरांनी, ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अशा जगात जाऊन पडतात, जिथे विश्वासरावांना गोळी नुसती चाटून गेली आणि पानिपत मराठ्यांनी जिंकलं. गोंधळलेला हा माणूस काय करतो? ग्रंथालय गाठतो आणि स्वतःच लिहिलेले इतिहासाचे पाच खंड मागवतो. औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंतचे चार खंड जसेच्या तसे. फरक पाचव्यात. मग तो खंड तो दोन्ही टोकांकडून मध्याकडे वाचत येतो. रणांगण न दाखवता, केवळ पानं उलटत उभा केलेला असा थरार मराठीत दुर्मीळ आहे. शेवटी राजेंद्र देशपांडे विज्ञान समजावू लागतात तेव्हा मात्र कथेचा तास होतो. या कथेचं इंग्रजी रूप अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात आहे, म्हणजे देशभरची सोळा वर्षांची मुलं ती वाचतात. मराठीत त्या वाटेवर गर्दी काही झाली नाही.

का झाली नाही? एक तर ‘फास्टर फेणे’ संपला की आपली मुलं थेट ‘स्वामी’, ‘मृत्युंजय’, ‘छावा’वर उडी मारतात; मधली पायरीच नाही. पुस्तकांच्या दुकानात शिवचरित्र एका फळीवर, विज्ञान दुसऱ्या. आणि खरं कारण भीती. इतिहासात ‘असं झालं असतं तर’ एवढं विचारलं तरी कुणाच्या तरी भावना दुखावतात. त्यापेक्षा व्हर्नची आणखी एक संक्षिप्त आवृत्ती काढलेली बरी.

सामग्रीची तर ददात नाही. १८३९मध्ये इंग्रजांनी साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला धाडलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले, सुमारे १४ वर्षं तिथे झगडले आणि हात हलवत परतले. सत्तावन्नात साताऱ्याचा कट फुटला. ८ सप्टेंबरला गेंडामाळावर १७ जणांना देहदंड झाला. रंगो बापूजी मात्र निसटले ते निसटलेच, इंग्रजांना कधी सापडले नाहीत. व्हर्नचा डक्कारही उठाव मोडल्यावर मूठभर निष्ठावंतांना घेऊन असाच नाहीसा होतो. लंडनचे सगळे दरवाजे ठोठावून झालेला म्हातारा आणि यंत्रं जाणणारा राजपुत्र एकाच पाणबुडीत बसले, तर अर्ज-विनंत्यांवरचा आणि सुडावरचा त्यांचा वाद कुठल्याही समुद्रयुद्धापेक्षा रंगेल. चार भिंती स्मारकापाशी संध्याकाळी टोळक्याने बसणाऱ्या सातारच्या पोरांना हा नेमो परका वाटणार नाही.

सांगलीच्या बाजूला ‘फकिरा’ आहे. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांची ही १९५९ची कादंबरी दुष्काळ, इंग्रजांचा खजिना आणि गावकुसाबाहेरची भूक यांवर उभी आहे. उद्याच्या पाणीटंचाईच्या जगात नेली तरी ती बोथट होणार नाही. मात्र फकिराची जात आणि त्याचा राग गाळून नुसता दरोडा ठेवला, तर नेमोचंच झालं ते पुन्हा होईल. अण्णा भाऊ गेले १९६९ साली. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या पश्चात ६० वर्षं हक्क राहतात, म्हणजे २०२९च्या अखेरपर्यंत ‘फकिरा’ला हात लावायचा तर हक्कधारकांची परवानगी हवी. नेमोसाठी कुणालाच विचारायला नको.