‘लवकर’: काल की रीती?

इंग्रजीतील ‘सून’ आणि ‘क्विकली’ या दोन क्रियाविशेषणांपुढे ‘लवकर’ हा एकच प्रतिशब्द लिहिला की विद्यार्थ्याचे काम भागते. अनुवादकाचे भागत नाही. पहिले क्रियेला किती अवधी आहे ते सांगते, दुसरे ती कोणत्या गतीने घडते ते. आपल्या व्याकरणाच्या परिभाषेत एक कालवाचक, दुसरे रीतिवाचक. ‘लवकर’ दोन्ही भार वाहतो आणि ‘नेमल्या वेळेआधी’ हा तिसराही.

या भेदाची किंमत प्रस्तुत लेखकाने स्वतः मोजली आहे. एका इंग्रजी कथेतील वृद्ध आजी ‘क्विकली’ मरण पावते. म्हणजे फारशा यातना न भोगता. मी लिहिले, ‘ती लवकर गेली.’ वाचकाने त्यातून अकाली मृत्यू वाचला, आणि त्यात त्याची चूक नव्हती. दिलाशाचे वाक्य हळहळीचे झाले. ‘तिचा जीव फार घोटाळला नाही’ असे लिहावयास हवे होते, हे मला छापून आल्यावर सुचले.

मराठी याबाबतीत दरिद्री आहे असे मात्र नव्हे. गती सांगावयाची तर आपण क्रियेगणिक शब्द बदलतो: झपझप चालतो, भरभर लिहितो, घटाघटा पितो. काल सांगावयाचा तर बहुधा एक ‘च’ पुरतो. ‘लवकरच येईन’ यात गतीचा प्रश्न उरत नाही. नुसते ‘लवकर’ असेल तेथे प्रसंग अर्थ ठरवितो. ‘लवकर जेव’ हे सायंकाळी सहाला वेळेविषयी असते, ताटावर रेंगाळणाऱ्या मुलाला उद्देशून गतीविषयी.

साहित्य अकादेमी १९५४ साली ज्या दिल्लीत स्थापन झाली, तेथे हा प्रश्न अधिक जाणवतो. कारण भारतीय भाषांची देवघेव पुष्कळदा हिंदी वा इंग्रजीच्या मध्यस्थीने होते. ‘लवकर’चे हिंदीत ‘जल्दी’ झाले तर त्याची संदिग्धता शाबूत राहते. इंग्रजीत मात्र निवड करावी लागते, आणि त्या इंग्रजीवरून तमिळ करणारा ती निवड मूळ लेखकाचीच समजतो. परगावी निघालेल्या मुलाला आई ‘लवकर ये’ म्हणते, त्यात अवधीही असतो आणि पावलांची घाईही. ‘सून’मध्ये घाई गळते.

म्हणून कोश उघडण्यापूर्वी विचारावे: येथे घड्याळ पाहावयाचे की पाऊल? मूळ लेखकाने दोन्ही पाहिली असतील, तर त्यांतील एक गाळण्याचा अधिकार अनुवादकाला नाही. तेथे शब्द सोडून वाक्यच नव्याने रचणे प्राप्त आहे.