भूगोलाचे शब्द आणि भूगोलाचें सत्य

शास्त्रीय परिभाषेचें परीक्षण करावयाचें झालें म्हणजे आपल्याकडे बहुधा एकच वाद माजतो : शब्द संस्कृत असावा कीं देशी? भूगोलापुरता तरी हा वाद अपुरा आहे. ज्या शब्दानें वस्तु डोळ्यांपुढें उभी राहते आणि तिचें कारण योग्य ठिकाणीं दाखविलें जातें तो शब्द चांगला. मग त्याचें कूळ कोणतेंही असो. शालेय भूगोलांतील कांहीं नित्याचे शब्द या कसोटीस लावून पाहूं.

‘घाट’ हा शब्द घ्या. मराठी माणसाच्या तोंडीं घाट म्हणजे डोंगर चढण्याउतरण्याची वाट. बोरघाट, थळघाट, कुंभार्लीचा घाट हीं सारीं वाटांचीं नांवें. ज्या पर्वतांतून त्या वाटा जातात तो सह्याद्रि. युरोपीयांनीं वाटेचें नांव पर्वतास दिलें आणि आम्ही तें ‘पश्चिम घाट’ म्हणून निमूटपणें परत घेतलें. वाट आणि पर्वत यांचा भेद हें कोंकण व देश यांमधील दळणवळणाचें मर्म. तेंच त्यामुळें विद्यार्थ्यास दिसेनासें होतें.

‘पर्जन्यछाया’ याच्या अगदीं उलट. हा शब्द नवा, संस्कृत आणि परभाषेच्या अनुकरणानें घडविलेला. तरी तो कसोटीस उतरतो. अरबी समुद्रावरून येणारे वारे सह्याद्रीस अडून वर चढतात, थंड होतात आणि पाऊस टाकतात. पलीकडे उतरतांना ते उष्ण व कोरडे होतात. महाबळेश्वरास वर्षाकाठीं ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर जवळच पूर्वेस असलेल्या वाईस तो १,००० मिलिमीटरांच्याही आंत राहतो. उंच वस्तूच्या आड छाया पडते हें पोरासही ठाऊक असतें. त्यामुळें येथें शब्दच निम्मा धडा शिकवितो.

खरी अडचण प्राकृतिक भूगोलांतून मानवी भूगोलांत शिरतांना येते. ‘अवर्षण’ आणि ‘दुष्काळ’ हे शब्द कित्येकदां एकाच अर्थानें लिहिले जातात. वस्तुतः अवर्षण ही आकाशांतली गोष्ट. ती पर्जन्यमापकानें मोजतां येते. दुष्काळ ही घरांतली व बाजारांतली गोष्ट. १९४३ सालच्या बंगालच्या दुष्काळांत २० ते ३० लाख माणसें दगावलीं. परंतु त्या वर्षींचा अन्नपुरवठा मागील पांच वर्षांच्या सरासरीहून सुमारें ५ टक्केच कमी होता आणि दुष्काळ नसलेल्या १९४१ सालापेक्षां अधिकच होता, असें अमर्त्य सेन यांनीं १९८१ च्या आपल्या ग्रंथांत दाखविलें. तांदूळ होता, पण भाव इतके चढले कीं शेतमजूर व मच्छीमार यांच्या कमाईंत तो येईना. उलट १९७२ सालीं महाराष्ट्रांत पावसानें दगा दिला, पिकें बुडालीं, दुष्काळ पडला. तरी सरकारी कामांवर लक्षावधि लोकांस मजुरी मिळाली आणि बंगालसारखा संहार टळला. त्या अनुभवाचें बळ पुढें १९७७ च्या रोजगार हमी कायद्यास लाभलें.

म्हणजे पाऊस न पडणें, उपजीविका तुटणें आणि माणसें मरणें या तीन निराळ्या पायऱ्या आहेत. पहिलीवरून तिसरीवर जाणें अटळ नाहीं, आणि पहिलीवांचूनही तिसरी गांठतां येते. ‘दुष्काळ’ या शब्दाची घडणच दोष काळावर ढकलते. म्हणून तो टाकून द्यावा असें नव्हे, पण तो उलगडून शिकविला पाहिजे.

शब्दांच्या अशा चिकित्सेनें कोणाचें पोट भरत नाहीं, असें कोणी म्हणेल. तें खरें आहे. परंतु दुष्काळ म्हणजे पाऊस न पडणें, एवढेंच ज्यास शिकविलें तो नागरिक संकटकाळीं केवळ आकाशाकडे पाहत बसेल. धान्याचे भाव काय, मजुराच्या हातीं काय पडतें आणि कोठाराची किल्ली कोणाकडे आहे, हे प्रश्न त्यास सुचणारच नाहींत. पाठ्यपुस्तककारांनीं अवर्षण हवामानाच्या प्रकरणांत ठेवावें आणि दुष्काळ माणसांच्या प्रकरणांत. एवढें झालें तरी भूगोल हा विषय पाठांतरांतून सुटून विचाराच्या वाटेस लागेल.