किल्लारी आणि ‘लोकसहभाग’: या शब्दावर किती विश्वास ठेवायचा?

आपत्तीनंतरच्या पुनर्वसनावर संशोधन करायचं ठरवलंत, की ३० सप्टेंबर १९९३ चा लातूर-उस्मानाबादचा भूकंप तुमच्या वाचनात येणारच. जागतिक बँकेच्या मदतीने झालेल्या या कार्यक्रमाचं वर्णन बऱ्याच लेखनात ‘लोकसहभागाचा आदर्श’ असं केलेलं असतं. माझ्या मते हे कौतुक निम्मंच खरं आहे.

आधी खरा भाग बघू. कमी पडझड झालेल्या गावांत घरं जागेवरच दुरुस्त करून मजबूत करायची होती. पैसे हप्त्यांनी घरमालकाला मिळायचे आणि काम त्याने स्वतः करून घ्यायचं. इथे ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावोगावी महिलांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं. हप्ता का अडकला, भिंत नीट बांधली का, हे बायका इंजिनिअरला विचारू लागल्या. २००१ च्या भूकंपानंतर लातूरकडच्या बायका गुजरातमध्येही अनुभव सांगायला गेल्या. हे मोठंच काम होतं.

पण ५२ गावं पूर्ण हलवली गेली, तिथलं चित्र वेगळं. घराचं क्षेत्रफळ जमिनीच्या मालकीवर ठरलं: भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्या गटाला ४५०, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. शेतकऱ्याला धान्य, अवजारं ठेवायला जागा लागते, हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. पण मजुराच्या घरात माणसं आठ असली तरी निकष बदलत नव्हता. म्हणजे जुनी विषमता नव्या गावात चौरस फुटांत मोजून बांधली गेली.

दोन्ही ठिकाणांना एकच ‘सहभाग’ शब्द लावला, की न्यायाचा प्रश्न झाकला जातो. दारं-खिडक्या कुठे हव्यात हे विचारणं वेगळं आणि कुणाला किती घर मिळावं हे विचारणं वेगळं!

म्हणून कुठलाही अहवाल वाचताना तीन प्रश्न समासात लिहून ठेवा. लोकांना विचारलं तेव्हा काय आधीच ठरलेलं होतं? विचारलं कुणाला, सातबारा असलेल्यांना की सगळ्यांना? आणि लोक ‘नाही’ म्हणाले असते तर काही बदललं असतं का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर अहवालात सहसा नसतं. ते शोधायला गावातच जावं लागतं, आणि सुरुवात २५० फुटांच्या घरापासून करा.