हळद, मिरी आणि कुंभाराचं गाढव

मागच्या खेपेला आपण 'नैसर्गिक' ह्या शब्दापाशी थांबलो होतो. नंतर काही जणांनी विचारलं, की सर, ह्या शब्दाचा एखादा रोजच्या जगण्यातला वापर घेऊन बोला, नुसती व्याख्या नको. म्हणून आजचा विषय घेतला. स्तनाचा कर्करोग, त्यातही इस्ट्रोजेनवर पोसला जाणारा प्रकार, आणि त्यावर सुचवले जाणारे 'नैसर्गिक' आहार नि पूरक गोळ्या. आधीच सांगतो, मी वैद्यकाचा डॉक्टर नाही. माझी डॉक्टरेट तत्त्वज्ञानातली. आमच्या सोसायटीत नावाची पाटी वाचून एक गृहस्थ रक्तदाब तपासून घ्यायला आले होते, तेव्हापासून पाटीवरून 'डॉ.' काढून टाकलं. तेव्हा मी इथे काय घ्यावं ते सांगणार नाही. ही पुस्तकं जो युक्तिवाद करतात तो उभा राहतो का, एवढंच पाहणार आहे.

ह्या विषयावरची दहा-बारा पुस्तकं आणि पुस्तिका मी गेल्या दोन वर्षांत वाचल्या. नावं घेत नाही, कारण एक वाचलं की बाकीची वाचल्यासारखीच आहेत. सगळ्यांची सुरुवात एका खऱ्या गोष्टीपासून होते. ह्या कर्करोगाच्या पेशींवर इस्ट्रोजेनला पकडणारे ग्राहक असतात, इस्ट्रोजेन मिळालं की त्या वाढतात, म्हणून इस्ट्रोजेन कमी करा. इथपर्यंत कोणाचीच हरकत नाही. ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन ह्या शल्यचिकित्सकानं १८९६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, की अंडाशय काढल्यावर स्तनातली वाढलेली गाठ मागे हटली. इस्ट्रोजेन हे नावही तेव्हा जन्माला आलेलं नव्हतं. ग्राहकाचा शोध शिकागोच्या एलवूड जेन्सननी पुढे साठ-सत्तर वर्षांनी लावला. टॅमॉक्सिफेन १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये तयार झालं तेही गर्भनिरोधक शोधताना. त्या कामाला ते उपयोगी पडलं नाही, ह्या कामाला पडलं. पाच वर्षं नियमित घेतल्यानं ह्या प्रकारच्या कर्करोगातले मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी होतात, हे हजारो स्त्रियांवरच्या चाचण्या एकत्र करून दाखवलेलं आहे.

मग पुस्तक वळण घेतं. "हेच काम निसर्गानं तुमच्या स्वयंपाकघरात करून ठेवलं आहे." पुढची दोनशे पानं ह्या एका वाक्यावर उभी असतात.

आता जरा थांबू या. ह्या कथेत खलनायक कोण? इस्ट्रोजेन. ते कुठून आलं? कारखान्यातून नाही. ते शरीरानं स्वतः बनवलेलं, शंभर टक्के नैसर्गिक आहे. पाळी गेल्यावरसुद्धा चरबीतलं एक विकर ते बनवत राहतं. आणि सदाफुली पाहा. आपल्या कुंपणाला असते ती. तिच्यातूनच व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन ही केमोथेरपीची औषधं निघाली. स्तनाच्या कर्करोगात आजही वापरतात ते पॅक्लिटॅक्सेल यू नावाच्या झाडाच्या सालीत सापडलं. म्हणजे वनस्पतीतला पदार्थ मोजून-मापून उपयोगी ठरला, की ही पुस्तकं त्याला 'विषारी केमो' म्हणतात, आणि मोजमाप झालेलं नाही तोवर 'निसर्ग' म्हणतात. शब्दाचा अर्थ इथे उगमावर ठरत नाही. तो वापरणाऱ्याच्या सोयीवर ठरतो.

आता मुख्य मुद्दा, कार्यकारणाचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये नवज्योतसिंग सिद्धू ह्यांनी अमृतसरला पत्रकार परिषद घेतली, आपल्याला आठवत असेल. पत्नीचा चौथ्या टप्प्यातला कर्करोग बरा झाल्याचं श्रेय त्यांनी लिंबूपाणी, कच्ची हळद, कडुनिंब, तुळस, साखर नि दूध बंद, जेवणांत मोठं अंतर, ह्याला दिलं. चार-दोन दिवसांत मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या आजी-माजी २६२ कर्करोगतज्ज्ञांनी सह्या करून निवेदन काढलं, की ह्याला पुरावा नाही, उपचार लांबवू नका. त्यानंतर सिद्धूंनी खुलासा केला, की शस्त्रक्रिया, केमोथेरपी, हार्मोनची औषधं, सगळं झालं होतं, आणि आहारही डॉक्टरांशी बोलूनच ठरवला होता.

आपल्या नैयायिकांनी हा पेच फार आधी ओळखला होता. घट तयार होताना कुंभार असतो, चाक असतं, दांडा असतो, माती असते. आणि माती वाहून आणणारं गाढवही असतं. गाढव घटाच्या आधी हजर होतं हे खरं. पण ते कारण नव्हे, त्याला ते 'अन्यथासिद्ध' म्हणतात. का? कारण माती बैलगाडीनं आणली असती तरी घट झालाच असता. नुसतं 'आधी होतं' हे पुरत नाही. 'ते नसतं तर झालं नसतं' हे दाखवावं लागतं. अन्वयाला व्यतिरेकाची जोड लागते. शस्त्रक्रिया आणि औषधं झालेल्या बाईच्या घरात हळदही होती, म्हणून हळदीनं बरी झाली, हे म्हणणं म्हणजे गाढवाला मडक्याचा कर्ता ठरवणं. आता कोणी म्हणेल, पण हळद गाढवच आहे हे तरी कुठे सिद्ध झालं? बरोबर. ते सिद्ध झालेलं नाही. पण मडकं विकताना गाढवाच्या नावानं पैसे मागणाऱ्यानं आधी ते दाखवायला हवं.

व्यतिरेक पाहायचा झाला तर माणसं चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटायची, एका गटाला ती गोष्ट द्यायची, दुसऱ्याला नाही. आहाराबाबत हे झालेलं आहे, आणि पुस्तकांत ते सहसा अर्धंच येतं. अमेरिकेत एका चाचणीत २४३७ स्त्रियांपैकी एका गटाला कमी चरबीचा आहार दिला. २००६च्या निष्कर्षात त्या गटात रोग परतण्याचं प्रमाण २४ टक्क्यांनी कमी दिसलं. हे सगळे उद्धृत करतात. पण फायदा जास्त दिसला तो इस्ट्रोजेनचे ग्राहक नसलेल्या कर्करोगात, म्हणजे पुस्तकाचा विषय नसलेल्या प्रकारात, हे कोणी सांगत नाही. आणि २००७ मध्ये ३०८८ स्त्रियांवरची दुसरी चाचणी आली. भरपूर भाज्या, फळं, तंतू, कमी चरबी. सात वर्षांनंतर दोन गटांत फरक नाही. मी वाचलेल्या पुस्तकांत ही दुसरी चाचणी मला एकाच ठिकाणी भेटली, तळटीपेत.

सोयाबीनचं प्रकरण जास्त गमतीचं आहे, कारण तिथे नैसर्गिकवाले आपसातच भांडतात. एक पंथ म्हणतो, सोयात वनस्पतीजन्य इस्ट्रोजेन आहे, शिवूसुद्धा नका. दुसरा म्हणतो, रोज खा, तेच तुमचं टॅमॉक्सिफेन. दोघांकडे पुरावा आहे! सोयातलं जेनिस्टीन वेगळं काढून उंदरांना दिलं तर काही प्रयोगांत गाठी वाढल्या, टॅमॉक्सिफेनचा परिणामही कमी झाला. उलट शांघायमध्ये कर्करोगातून गेलेल्या ५०४२ स्त्रियांचा मागोवा घेतला, २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सर्वांत जास्त सोया खाणाऱ्यांत मृत्यू आणि रोग परतणं, दोन्ही सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा कमी होतं. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, चिठ्ठ्या टाकून केलेला नव्हे. तिथे टोफू खाणारी बाई इतर बाबतींतही वेगळी असू शकते. म्हणून त्यावरून सोया औषध ठरत नाही. पण चपातीच्या पिठात मूठभर सोयाबीन दळून टाकणाऱ्या आपल्याकडच्या बायकांची भीती जायला तो पुरेसा आहे. आणि जेनिस्टीनच्या गोळीला तो अजिबात लागू नाही. शांघायच्या बायका गोळी खात नव्हत्या, जेवत होत्या.

इथे ह्या साहित्याचा मूळ दोष आहे असं मला वाटतं. अन्नाबद्दलचा पुरावा दाखवायचा आणि गोळी विकायची. कोबी-फ्लॉवर चांगला, म्हणून त्यातून मिळणाऱ्या डी.आय.एम.ची कॅप्सूल घ्या. ही कॅप्सूल टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांना देऊन पाहिली आहे, २०१७चा अभ्यास. त्यांच्या रक्तातलं एंडॉक्सिफेन कमी झालं. टॅमॉक्सिफेन यकृतात गेल्यावर जे खरं काम करणारं रूप तयार होतं, ते हे एंडॉक्सिफेन.

आणि हळद. इथे मला स्वतःबद्दल बोलावं लागेल. माझ्या धाकट्या बहिणीला हा आजार झाला. तिची परवानगी घेऊन सांगतो आहे. शस्त्रक्रिया झाली, टॅमॉक्सिफेन सुरू झालं. अंगातून वाफा निघायच्या, रात्री दोन-दोनदा गाऊन बदलावा लागायचा, सांधे धरायचे. ती म्हणायची, "दादा, आजारानं झालं नाही एवढं ह्या गोळीनं म्हातारं केलं." मला पाहवेना. मी बाजारातून कुरकुमिनच्या कॅप्सूल आणल्या, काळ्या मिरीचा अर्क घातलेल्या. चाळीस वर्षं पोरांना हेत्वाभास शिकवलेला माणूस! बाटलीवर 'नैसर्गिक' लिहिलं होतं आणि हळद आपल्या घरातली, एवढ्यावर माझं तर्कशास्त्र संपलं. काही महिन्यांनी कळलं, की तिनं कॅप्सूलच्या भरवशावर टॅमॉक्सिफेन एक दिवसाआड केलं होतं. मी तसं सांगितलं नव्हतं. पण तसं करायला हिंमत मी आणलेल्या बाटलीनं दिली होती.

मग मी वाचायला लागलो. मिरी का घालतात? कुरकुमिन शरीरात शोषलंच जात नाही म्हणून. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं, की मिरीतलं पायपरीन सोबत दिलं तर रक्तातलं कुरकुमिन अनेक पटींनी वाढतं. कारण पायपरीन त्याची विल्हेवाट लावणारी यंत्रणा मंदावतं. जाहिरातीत हे अभिमानानं छापतात. पण यकृत काही कुरकुमिनपुरतं वेगळं खातं उघडून बसलेलं नसतं, बाकीची औषधंही तिथूनच जातात. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला टॅमॉक्सिफेनवरच्या १६ स्त्रियांना कुरकुमिन देऊन मोजलं, २०१९ मध्ये ते छापून आलं. एंडॉक्सिफेन सुमारे ८ टक्क्यांनी उतरलं, मिरीचा अर्क जोडल्यावर सुमारे १२ टक्क्यांनी. अभ्यास लहान आहे. १२ टक्क्यांनी प्रत्येकीचं नुकसान होईलच असं नाही. पण ज्या स्त्रियांत ते मुळातच कमी बनतं, त्यांच्याबाबत संशोधकांनी धोका सांगितला आहे. दिलेली मात्रा होती रोज ३६०० मिलिग्रॅम कुरकुमिन. हळदीत ते साधारण ३ टक्के असतं, म्हणजे रोज शंभर ग्रॅमहून जास्त हळद झाली. वरणातल्या चिमटीचा ह्याच्याशी काही संबंध नाही. तेव्हा घरी जाऊन हळदीचा डबा फेकू नका.

औषध सोडून फक्त पर्यायी मार्गानं गेलेल्यांचं काय होतं, हे येल विद्यापीठाच्या अभ्यासात आहे, २०१८. असे २८१ रुग्ण त्यांनी नोंदींतून शोधले, बरा होऊ शकणाऱ्या टप्प्यातले, आणि रूढ उपचार घेतलेल्यांशी ताडून पाहिले. स्तनाच्या कर्करोगात मृत्यूचा धोका साडेपाच पटींहून अधिक निघाला. आणि हे लोक अडाणी, गरीब नव्हते. तुलनेनं सुस्थितीतले होते. माझ्यासारखे.

आता दुसरी बाजू. २६२ डॉक्टरांच्या निवेदनाशी मी सहमत आहे, पण पुस्तकं खपतात ती कोणत्या जागेत? बहिणीच्या पहिल्या दोन वर्षांत, दर तपासणीला पाच मिनिटं, "बाकी काय घेता?" हा प्रश्न तिला कोणी विचारला नाही. तिसऱ्या वर्षी एका शिकाऊ मुलीनं विचारला, तेव्हा बाटली पर्समधून बाहेर आली. वाफांचा त्रास सांगितला तर "होतं असं" एवढंच उत्तर मिळायचं. पुस्तक निदान दोनशे पानं तिच्याशी बोलतं! पाच वर्षांची गोळी पुष्कळ जणी मध्येच सोडतात, त्या काही मूर्खपणानं सोडत नाहीत. त्रासाला नाव मिळालं, मात्रा-औषध बदलून पाहता आलं, तर पुष्कळ जणी टिकतात. तिचंही पुढे तसंच झालं. पाळी गेल्यावर औषध बदललं. नव्या औषधानं हाडं ठिसूळ होऊ शकतात, म्हणून कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व डॉक्टरांनीच लिहून दिलं. म्हणजे पूरक गोळी हा शब्दही काही अस्पृश्य नाही. ती कशासाठी, किती, आणि कोणाला माहीत असताना घेतली, हा प्रश्न आहे.

एक चिठ्ठी आली आहे. "जवसाचं काय? आमच्याकडे विदर्भात चटणी रोज असते." चांगला प्रश्न. टोरंटोमध्ये शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या स्त्रियांना रोज २५ ग्रॅम जवस घातलेला मफिन दिला होता, २००५ची गोष्ट. गाठीतल्या पेशींच्या वाढीचं एक माप ३४ टक्क्यांनी खाली आलं. जवसाच्या गटात १९ जणी होत्या, आणि महिनाभराचा प्रयोग. आयुष्य वाढलं का, हे त्यात पाहिलेलंच नाही. पुस्तकांत मात्र ह्याचं 'जवस गाठ वितळवतं' असं झालेलं मी वाचलं आहे. तेव्हा चटणी खा, चांगली लागते म्हणून खा. वजन आटोक्यात ठेवा, दारू घेत असाल तर सोडा, ह्या दोन्हींचा ह्या रोगाशी संबंध पक्का आहे, पण त्यांची बाटली विकता येत नाही. आणि गोळी एक दिवसाआड करायची असेल तर आधी डॉक्टरांना फोन करा, भावाला नको.

दुसरी चिठ्ठी गोमूत्राबद्दल आहे. ती पुढच्या वेळी घेऊ, आज सभागृह साडेसातला सोडायचं आहे.