बेदर, बीदर आणि विदर्भ

आपल्या मंडळात बीदरच्या नावाचा विषय निघाला की चर्चा विदर्भावर जाऊन थांबते. नळ-दमयंतीच्या कथेतलं विदर्भ म्हणजेच बीदर, दमयंतीचं माहेर इथलंच. राजेश्वरला लहानपणी मीही हे ऐकलं आणि पुढं एका लेखात ठोकूनही दिलं. आज ते मला टिकाऊ वाटत नाही, म्हणून हा खटाटोप.

या मताला आधार म्हणून आपण फेरिश्त्याचं नाव घेतो. बीदरच्या भीमसेन राजाची मुलगी दमयंती, असं त्यानं लिहिलं आहे, हे खरं. पण फेरिश्ता विजापूरच्या दरबारात, 17 व्या शतकाच्या सुरुवातीला लिहीत होता. त्याच्या थोडं आधी अकबराच्या दरबारी फैजीनं हीच कथा फारसीत आणली होती. म्हणजे कथा तेव्हा चर्चेत होती. दमयंतीच्या काळाबद्दल फेरिश्त्याची साक्ष आपल्या साक्षीपेक्षा फार वजनदार नाही. आणि भीमराजाचं कुंडिनपूर म्हणून दाखवतात ते कौंडिण्यपूर वर्धा नदीकाठी, अमरावती जिल्ह्यात आहे.

खरी अडचण शब्दातच आहे, आणि ती आपली मराठीच दाखवते. संस्कृत गर्भाचं मराठीत काय झालं? गाभ, गाभा, गाभण. 'र' गेला, 'भ' राहिला. प्राकृतात विदर्भाचंही 'विदब्भ' असंच होतं. बीदरमध्ये बघा, नेमकं उलटं: 'र' ठणठणीत आणि 'भ' बेपत्ता! व चा ब होण्यात काही अवघड नाही, कन्नडात वनाचं बन होतंच. गाडी अडते ती शेवटच्या अक्षरावर. विदुराच्या नावात 'र' जागच्या जागी आहे, पण तो हस्तिनापूरचा माणूस. नुसत्या आवाजाच्या साम्यावर त्याला इथं आणून बसवता येणार नाही.

उर्दू जाणणारी मंडळी वेगळंच सांगतात. फारसीत 'बेदार' म्हणजे जागा, सावध. शब-बेदारी म्हणजे रात्रीचं जागरण. तटबंदीच्या शहराला 'जागं शहर' हे नाव शोभतं, मलाही आवडतं. पण 'बेदार' लिहिताना द नंतर अलिफ येतो, शहराचं नाव लिहिताना येत नाही. फारसी लेखनिकांना आपल्याच भाषेतला शब्द ओळखू आला नसता का? शिवाय हे नाव बहमनींच्या आधीचं आहे. वरंगळच्या स्वारीत उलुघ खानानं, म्हणजे पुढच्या महंमद तुघलकानं, बीदर घेतलं ते 1323 च्या आसपास. अहमदशहा बहमनीनं गुलबर्ग्याहून राजधानी इथं आणली ती त्यानंतर शंभरेक वर्षांनी, आणि तिचं नाव ठेवलं महंमदाबाद. 1657 मध्ये औरंगजेबानं शहर घेतलं आणि जफराबाद केलं. दोन्ही नावं कागदावर राहिली.

राहता राहिला बांबू. कन्नडात बांबूला बिदिरु किंवा बिदरु म्हणतात, तेलुगूत वेदुरु. शिमोगा भागातल्या बिदनूरचं नावही याच शब्दावरून आलं असं सांगतात. यावर एक आक्षेप नेहमी येतो, की जांभ्या दगडाच्या या पठारावर बांबूचं बन होतं कुठं? प्रश्न रास्त आहे. पण वड नसलेली वडगावं आपण कमी पाहिलीत का? झाड जातं, नाव राहतं. बांबूची बाजू मला पूर्ण सिद्ध वाटत नाही, पण तिन्हींत सगळ्यात कमी ओढाताण तिथंच आहे.

मग विदर्भ आपल्याला इतकं का सुटत नाही? 1 नोव्हेंबर 1956 ला जुना बीदर जिल्हा भाषेवर तुटला. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडं गेले, जहीराबाद-नारायणखेड आंध्रात, आणि आपण मराठी बोलणारे इथं राहिलो. नाव आपल्या बाजूचं ठरलं की आपणही इथले ठरतो, असं कुठं तरी मनात असतं. गुलबर्ग्याचंही तेच: एकाला त्यात गुल आणि बर्ग, म्हणजे फूल आणि पान दिसतं, दुसऱ्याला कन्नड कल्लु, म्हणजे दगड. 2014 ला कलबुरगी झालं तरी तो वाद मिटला नाही.

पण आपलं इथलं असणं विदर्भावर अवलंबून नाही. दामाजीपंतांच्या कथेतला बादशहा बेदरचा आहे, बीदरचा नाही. (बेदरकारशी या बेदरचा काही संबंध नाही, त्यातला 'दरकार' फारसी.) राजेश्वरच्या थांब्यावर पाटी बीदरची असते, आणि म्हातारी माणसं अजून "बेदरला जाऊन येतो" म्हणतात. हा 'बे' मराठी जिभेवरचा आहे आणि बराच जुना आहे. मंडळाच्या माहितीपत्रकातून विदर्भाची ओळ काढावी आणि तिथं हा उच्चार नोंदवावा, असं मी सुचवलं आहे. पुढच्या बैठकीत त्यावर भांडण होईल, तेव्हा या.