उंदराला दुखलं, की तो नुसता हलला?

संशोधनाकडे वळायचा विचार असेल, तर १९९६ साली 'नेचर'मध्ये आलेला एन्केफॅलिन नसलेल्या उंदरांवरचा पेपर जरूर वाचा. एन्केफॅलिन म्हणजे शरीर स्वतःच बनवतं असं, मॉर्फिनसारखं काम करणारं छोटं पेप्टाइड. अ‍ॅबरडीनच्या ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी १९७५ मध्ये ते ओळखलं. १९९६च्या गटाने ते तयार करणारं मुख्य जनुकच बंद पाडलं.

हे उंदीर निरोगी होते, पिल्लंही सांभाळत होते. पण ते जास्त घाबरट निघाले, नर जास्त आक्रमक. वेदनेला मेंदूच्या पातळीवर मिळणारा प्रतिसाद बदलला, मज्जारज्जूच्या पातळीवरचा मात्र नाही. या दोन पातळ्या वेगळ्या तपासल्या, ही पेपरची खरी ताकद. उष्णतेने शेपटी झटकली जाते ते मुख्यतः मज्जारज्जूचं काम; तापलेल्या पृष्ठभागावर पंजा चाटायला किंवा उडी मारायला मेंदू लागतो.

आता माझा आक्षेप. स्टॉपवॉचवर आपण वेदना मोजतच नाही. हालचाल होईपर्यंतचे सेकंद मोजतो. आणि हालचालीवर ताबा ठेवणाऱ्या स्ट्रायटममध्येही एन्केफॅलिन भरपूर असतं. मॉर्फिन दिलेला उंदीर तर पिंजऱ्यात धावत सुटतो! मग जनुक जन्मापासून, सगळ्या शरीरातून काढल्यावर उडी लवकर किंवा उशिरा आली, तर ती वेदनेमुळे, भीतीमुळे की हालचालीतल्या फरकामुळे? लेखकांनी भीती मोजली, हे त्यांच्या बाजूने धरायला हवं. तरी केवळ या सेकंदांवरून 'एन्केफॅलिन वेदना कमी करतं' असं म्हणणं म्हणजे जरा घाईच.

आणखी एक. ताणामुळे वेदना बोथट होणं या उंदरांत शाबूत होतं. त्याच वर्षी दुसऱ्या गटाच्या, बीटा-एंडॉर्फिन नसलेल्या उंदरांत मात्र त्यातला ओपिऑइडवर अवलंबून असलेला भाग नाहीसा झाला. म्हणजे एका पेप्टाइडवरून सगळ्या ओपिऑइड व्यवस्थेबद्दल बोलू नका.

तुमच्या प्रपोजलमध्ये वेदनेची चाचणी असेल, तर शेजारी ओपन फील्ड आणि रोटारॉडही लिहा: उंदीर मोकळ्या जागेत किती फिरतो आणि फिरत्या दांड्यावर किती वेळ टिकतो. मुलाखतीत 'हालचालीचा कंट्रोल कुठे आहे?' असं विचारलं, तर उत्तर तयार हवं. ते नसेल, तर तुमच्या आकड्यांचा अर्थ दुसराच कोणीतरी लावेल.