‘पर्यायी लिथोग्राफी’ : एका शीर्षकाबद्दल आक्षेप

लिथोग्राफीवरील पाठटिपणांच्या शेवटी बहुधा ‘पर्यायी तंत्रे’ असा भाग येतो. त्यात इलेक्ट्रॉन बीम, नॅनोइम्प्रिंट आणि रेणूंची स्वयंजुळणी ही तंत्रे असतात. तो वाचून तुमचा समज होतो की उद्या यांपैकी एखादे तंत्र प्रकाशीय पद्धतीची जागा घेईल. माझा आक्षेप ‘पर्याय’ या शब्दालाच आहे.

इलेक्ट्रॉन बीमने मास्कशिवाय दहा नॅनोमीटरच्या आसपासच्या रेषा लिहिता येतात. मुंबई आयआयटीसारख्या प्रयोगशाळांत हे यंत्र रोजच्या कामाचे आहे. पण ठिपक्यामागून ठिपका लिहायचा म्हटल्यावर एका वेफरला तास नव्हे, दिवसही लागू शकतात; ईयूव्ही स्कॅनर ताशी दीडशेहून अधिक वेफर हातावेगळे करतो. एकाच वेळी हजारो बीम चालवून हा वेग गाठू पाहणारी डेल्फ्टची मॅपर कंपनी 2018 मध्ये दिवाळखोरीत गेली.

तरीही इलेक्ट्रॉन बीमवाचून कारखान्याचे चालत नाही, कारण प्रगत मास्क त्यानेच लिहिले जातात. भिलाईच्या वाचकाला हे लगेच पटेल. रेल मिलमध्ये रुळाला आकार देते ती रोलवरची खाच, आणि ती खाच कापली जाते लेथवर. लेथला कोणी रेल मिलचा पर्याय म्हणत नाही.

नॅनोइम्प्रिंटचा दावा अधिक भक्कम आहे. 1995 मध्ये स्टीफन चौ यांनी मांडलेली ही पद्धत म्हणजे साच्याने रेझिस्टवर ठसा उमटवणे. कॅननने ऑक्टोबर 2023 मध्ये यासाठी यंत्र बाजारात आणले. किमान रेषा 14 नॅनोमीटर, म्हणजे ‘5 नॅनोमीटर नोड’च्या तोडीची. (नोडचे नाव हे कोणत्याही रेषेचे माप नव्हे, हे टिपणकार का सांगत नाहीत कोण जाणे.) मात्र प्रकाशीय मास्कवरची नक्षी वेफरवरच्या नक्षीच्या चौपट मोठी असते, तर इम्प्रिंटचा साचा मूळ मापाचाच कोरावा लागतो. शिवाय तो रेझिस्टला टेकतो. एखादा कण मध्ये अडकून साचा दुखावला, तर तोच दोष पुढच्या प्रत्येक ठशात उमटतो. तेव्हा रेषेच्या रुंदीइतकाच दोषांचा आणि थरांच्या जुळणीचा आकडा तुम्ही विचारला पाहिजे. आणि हा साचा घडवायलाही पुन्हा इलेक्ट्रॉन बीमच लागतो.

स्वयंजुळणीत ब्लॉक कोपॉलिमर आपोआप समांतर पट्टे तयार करतात. पण ते कुठून सुरू व्हावेत आणि कोणत्या दिशेने जावेत, हे आधी आखलेली मार्गदर्शक नक्षी ठरवते. ती नक्षी आखायची लिथोग्राफीनेच.